अकरावीला गणित घ्यायचं, पण कोणतं? नागपुरातल्या दहावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

दहावीची परीक्षा संपली की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: गणित घ्यायचं की सोडायचं? त्याच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न मात्र फार कमी घरांत विचारला जातो, तो म्हणजे कोणतं गणित? राज्य मंडळात दहावीपर्यंत सगळ्या वर्गाला एकच गणित असतं. अकरावीत पाऊल टाकलं की निदान पाच वाटा समोर येतात. राज्य मंडळाचं विज्ञान आणि कला शाखेचं ‘गणित आणि संख्याशास्त्र’, त्याच नावाचा पण वेगळ्या पुस्तकाचा वाणिज्य शाखेचा विषय, सीबीएसईचं मॅथेमॅटिक्स, सीबीएसईचंच अप्लाइड मॅथेमॅटिक्स, आणि दहावीवरून थेट पॉलिटेक्निकला गेलात तर तिथलं डिप्लोमाचं गणित. या पाचांची कठीणपणाची पातळी वेगळी आहे आणि पुढे ती जिथे नेतात ती ठिकाणंही वेगळी आहेत.

मी नागपुरात अकरावी-बारावीला गणित शिकवते. ऑगस्ट-सप्टेंबर आला की माझ्यासमोर अशी मुलं येऊन बसतात, ज्यांची बुद्धी कमी नसते आणि कष्टही कमी नसतात. विषयांची जोडी तेवढी चुकलेली असते. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडून शिकायला आलेली, मामाकडे किंवा खोली करून राहणारी मुलं यात बरीच असतात, कारण त्यांना आधी सांगणारं कोणी भेटलेलं नसतं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

निकालाची वाट पाहू नका

बहुतेक घरांत क्रम असा असतो: आधी निकाल, मग टक्के, मग टक्क्यांवरून शाखा. नव्वदच्या वर आले तर सायन्स, सत्तर-ऐंशी आले तर कॉमर्स. हा क्रम मला मान्य नाही. दहावीच्या टक्क्यांत मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल सगळंच मिसळलेलं असतं. गणिताच्या १०० गुणांतही बीजगणिताची लेखी परीक्षा ४० ची, भूमितीची ४० ची आणि अंतर्गत मूल्यमापन २० चं असतं. एखाद्याला ८८ पडले, पण भूमितीच्या रचना, प्रमेयं आणि अंतर्गत गुण यांवर ते जास्त उभे असतील, तर अकरावीचं गणित त्याला जड जाऊ शकतं. अकरावीचा भार बीजगणितावर असतो. एकूण आकडा हे सांगत नाही; सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका सांगतात. त्या रद्दीत देऊ नका.

विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा-कॉलेजं जूनच्या शेवटाकडे सुरू होतात. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो. हा मधला काळ हातात असतो आणि खरा निर्णय याच काळात घ्यायचा असतो. फॉर्म भरण्याच्या आदल्या रात्री नाही.

पहिली पायरी: कुठल्या प्रवेशाला गणित लागतं, ते कागदावर लिहा

मुलाला पुढे काय व्हायचंय हे सोळाव्या वर्षी पक्कं ठाऊक नसतं. नसू द्या. पण जे तीन-चार पर्याय मनात आहेत ते लिहा आणि प्रत्येकासमोर गणित लागतं की नाही ते मांडा.

इंजिनिअरिंगला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित असल्याशिवाय चालत नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम, म्हणजे भौतिक-रसायन-गणित हा गट द्यावा लागतो. नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा ट्रिपल आयटीत जायचं असेल तर जेईई मेन ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात. पण सर्वसाधारण नियम असा, की बारावीत ७५ टक्के हवेत किंवा तुमच्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. म्हणजे फक्त जेईईच्या मागे लागून बारावी बोर्ड वाऱ्यावर सोडलं, तर हातातली जागा निसटू शकते. आर्किटेक्चरलाही गणित लागतं. मर्चंट नेव्हीतल्या डेक आणि इंजिनच्या शिक्षणाला पीसीएम लागतं.

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, हिच्याबद्दल गैरसमज फार आहे. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, हे खरं. हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. पण लेखी परीक्षा सगळ्यांना एकच असते आणि तिच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात. कला शाखेतून एनडीएचं स्वप्न पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला गणित सोडून भागत नाही.

मेडिकल, डेंटल, बीएएमएस यांसाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा आहे आणि नीटमध्ये गणित नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा प्रवेशही नीटवरूनच होतो. फार्मसीला भौतिक आणि रसायनशास्त्राच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी काहीही चालतं. कृषी पदवीलाही पीसीएम आणि पीसीबी (गणिताच्या जागी जीवशास्त्र) दोन्ही चालतात.

कॉमर्समध्ये सीए होण्यासाठी बारावीत गणित असण्याची अट नाही. पण सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर १०० गुणांचा असतो. त्यात व्यवसाय गणित ४०, तर्क २० आणि संख्याशास्त्र ४० गुणांचं असतं, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. बारावीला गणित न घेतलेल्या मुलाला हे सगळं वेगळं शिकावं लागतं. अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर चांगल्या विद्यापीठांत गणित मागतात. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित लागतंच.

आणि ज्याला गणितच आवडतं, त्याच्यासाठी शुद्ध गणिताची वाटही आहे. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नईचं मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात. शाळेत असतानाच आयओक्यूएम ही ऑलिंपियाडची पहिली परीक्षा देता येते. अशा मुलाला नाइलाजाने इंजिनिअरिंगच्या रांगेत उभं करू नका. आपल्या शहरातल्या शासकीय विज्ञान संस्थेतून किंवा हिस्लॉप कॉलेजातून बी.एस्सी. करणं हा कमीपणा नाही.

दुसरी पायरी: सुट्टीतली चाचणी

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अकरावीत मुलं अडकतात ती लिमिट किंवा डेरिव्हेटिव्हमुळे नाही. ती कल्पना नवी असते, शिक्षक शिकवतात, मुलांना कळते. अडकतात ती उत्तराच्या तिसऱ्या ओळीत, जिथे अपूर्णांक एकत्र करायचे असतात, कंस सोडवायचा असतो, चिन्ह बदलायचं असतं. आठवी-नववीचं बीजगणित हाताला बसलेलं नसतं. दहावीत ठरावीक प्रकारची उदाहरणं पाठ करून ते झाकता येतं, अकरावीत झाकता येत नाही.

म्हणून एका शांत सकाळी, ऊन चढायच्या आत, कोरा कागद घ्या. पुस्तक बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. खालच्या गोष्टी करून बघा.

६क्ष² − क्ष − २ याचे अवयव पाडा. उत्तर (३क्ष − २)(२क्ष + १) येतं. येतं की नाही यापेक्षा, गुणाकार करून स्वतःच तपासून बघावंसं वाटलं का, ते पाहा.

१/(क्ष − १) आणि १/(क्ष + १) यांची बेरीज एकाच अपूर्णांकात लिहा. २क्ष/(क्ष² − १) असं उत्तर हवं. छेदांचीही बेरीज करून मोकळं होणारं मूल अजून अकरावीच्या गणितासाठी तयार नाही. पण महिनाभरात तयार होऊ शकतं.

(क्ष + ३)² बरोबर क्ष² + ९ असं कोणी लिहिलं, तर ते चूक का, हे लहान भावंडाला समजावून सांगा. एक संख्या घालून दाखवणं हाही चांगला मार्ग आहे: क्ष = १ घेतला तर डावीकडे १६ येतात आणि उजवीकडे १०.

वृत्तचितीचं घनफळ आणि उंची दिली आहे. त्रिज्या काढण्याचं सूत्र आकडे न घालता, फक्त अक्षरांत लिहा. भौतिकशास्त्रात हे रोज लागतं. ज्यांना अक्षरांची भीती वाटते त्यांचं फिजिक्सही अडतं, आणि घरचे म्हणतात की फिजिक्स कच्चं आहे.

य = २क्ष − ३ या रेषेचा आलेख हाताने काढा. मग २ च्या जागी ५ केले तर रेषेचं काय होईल आणि −३ च्या जागी +३ केले तर काय होईल, ते न काढता सांगा.

साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १ हे दहावीत पाठ केलेलं असतं. ते पायथागोरसच्या प्रमेयातून कसं येतं, ते काटकोन त्रिकोण काढून दाखवा.

यातलं बहुतेक जमलं तर गणित बिनधास्त घ्या. निम्मंच जमलं तरी घाबरू नका, पण सुट्टीत आठवी ते दहावीचं बीजगणित पुन्हा करा: घातांक, अवयव, बैजिक राशींचे अपूर्णांक, वर्गसमीकरणं. काहीच जमलं नाही आणि करावंसंही वाटलं नाही, तर मुलाशी बसून बोला. रागावून नाही. गणिताशिवायचे चांगले मार्ग पहिल्या पायरीत आहेतच.

चाचणीनंतर अजून एक काम करा. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. विज्ञान शाखेच्या गणिताच्या भाग १ मधली कोन आणि त्रिकोणमितीची पहिली प्रकरणं, आणि भाग २ मधलं श्रेढींचं प्रकरण उघडा. ही दोन्ही दहावीच्या अभ्यासाला जोडून येतात, त्यामुळे कोणाच्या मदतीशिवाय थोडंफार कळायला हवं. दोन आठवडे रोज तासभर ती वाचून सोडवून बघा. हा अनुभव कुठल्याही कल चाचणीच्या छापील अहवालापेक्षा जास्त सांगतो, असं माझं मत आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांनी याच काळात एक वही करावी. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे कॉलेजात ऐकू येणार आहे तो शब्द: चल म्हणजे व्हेरिएबल, सहगुणक म्हणजे कोइफिशंट, अवयव म्हणजे फॅक्टर, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, निश्चयक म्हणजे डिटर्मिनंट, स्पर्शिका म्हणजे टॅन्जंट, संभाव्यता म्हणजे प्रॉबॅबिलिटी. दहावीचं पुस्तक चाळलं की शंभरेक शब्द सहज निघतात. सेमी इंग्रजीच्या मुलांना हा त्रास नसतो, आणि मराठी माध्यमाच्या मुलांचा पहिला महिना यातच जातो. हे आधीच करायला हवं, कारण एमएचटी-सीईटीचे भौतिक आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो. जेईई मेन मराठीत देता येते.

सीबीएसईच्या मुलांसाठी

तुमचा निर्णय एक वर्ष आधीच येतो. दहावीच्या बोर्डाला स्टँडर्ड आणि बेसिक असे गणिताचे दोन पर्याय असतात. २०२० च्या परीक्षेपासून ही सोय आहे. अभ्यासक्रम दोघांना एकच, वर्गही एकच. फक्त बोर्डाचा पेपर वेगळा आणि बेसिकचा पेपर सोपा. अकरावीत मॅथेमॅटिक्स घेण्याची थोडीही शक्यता असेल तर स्टँडर्डच घ्या. बेसिक घेतलेल्यांना अकरावीत गणित देण्याबाबत मंडळाने सवलती दिल्या आहेत, पण त्यात शाळेच्या मुख्याध्यापकांच्या समाधानाचा भाग येतो. तेव्हा आधी शाळेत विचारा.

अकरावीत पुन्हा दोन पर्याय येतात: मॅथेमॅटिक्स, कोड ०४१, आणि अप्लाइड मॅथेमॅटिक्स, कोड २४१. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. अप्लाइडमध्ये व्याज, हप्ते, कालमालिका, संख्याशास्त्र अशा गोष्टींवर भर असतो. व्यवस्थापन किंवा वाणिज्याकडे जाणाऱ्यांना तो चांगला आहे. इंजिनिअरिंगचा विचार मनाच्या कोपऱ्यात जरी असेल तरी तो घेऊ नका. आणि सगळ्या शाळा अप्लाइड शिकवत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी पायरी, विज्ञानवाल्यांसाठी: पीसीएम, पीसीबी की दोन्ही?

इथे सगळ्यात जास्त मुलं चुकतात. "दोन्ही ठेवू, मग बघू" हे वाक्य मी प्रत्येक जूनमध्ये ऐकते.

पीसीएमबी घेतलं की भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चार जड विषय आणि चारही विषयांची प्रात्यक्षिकं मागे लागतात. वर इंग्रजी आणि दुसरी भाषा किंवा आयटी. बोर्डाच्या दृष्टीने हे झेपतं, पुष्कळ मुलं करतात. खरी अडचण प्रवेश परीक्षेत येते. नीट आणि जेईई या दोन्ही परीक्षांची पूर्ण तयारी एकाच मुलाने करणं फार थोड्यांना जमतं. बारावीच्या डिसेंबरमध्ये एक विषय नुसता ओढला जातो, आणि बहुधा तो गणित असतो, कारण गणिताचा सराव थांबला की ते वेगाने विसरतं.

तरी मी पीसीएमबीच्या विरोधात नाही. ज्याला खरंच ठरवता येत नाही, त्याने अकरावीला चारही विषय घ्यावेत, पण अकरावीच्या पहिल्या सत्राच्या शेवटापर्यंत घरात ठरवून टाकावं की प्रवेश परीक्षा कोणती द्यायची. दुसरा विषय मग बोर्डापुरता ठेवावा. शिवाय जीवशास्त्राची आवड असलेल्या मुलाला गणित असेल तर बायोटेक्नॉलॉजी किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडेही वळता येतं.

डॉक्टरच व्हायचंय हे पक्कं असेल तर पीसीबी घ्या आणि गणिताच्या जागी दुसरा विषय घ्या. "गणित ठेवलं नाही तर लोक काय म्हणतील" हा विचार करू नका.

इंजिनिअरिंग पक्कं असेल तर जीवशास्त्राऐवजी काय घ्यावं? इथे राज्य मंडळाची एक चांगली सोय आहे, ती म्हणजे द्विलक्षी अभ्यासक्रम, ज्याला सगळे बायफोकल म्हणतात. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स असे विषय त्यात आहेत. विषय २०० गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांची जागा घेतो. म्हणजे मुलाला इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित आणि बायफोकल एवढंच उरतं. गणिताला वेळ मिळतो. जागा थोड्या असतात आणि कटऑफ वर जातो. विनाअनुदानित तुकडीत फीही वेगळी असते, ती आधी विचारा. कॉम्प्युटर सायन्स आणि आयटी यांत गल्लत करू नका. आयटी हा १०० गुणांचा विषय आहे आणि तो बहुतेक वेळा भाषेच्या जागी घेतला जातो. आयटी घेऊनही जीवशास्त्र ठेवता येतं.

गणित घेणाऱ्याने सीईटीचं गणित समजून घ्यायला हवं. पीसीएम गटात गणिताचे ५० प्रश्न असतात आणि प्रत्येकाला २ गुण, म्हणजे १०० गुण. भौतिक आणि रसायन मिळून उरलेले १००. वेळ गणिताला ९० मिनिटं. अकरावीवर साधारण २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के प्रश्न येतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे इंजिनिअरिंगच्या वाटेवर अर्धे गुण एकट्या गणिताचे. "गणित जेमतेम आहे, पण फिजिक्स-केमिस्ट्रीत भरून काढीन" हे गणित इथे बसत नाही. अशा मुलाने डिप्लोमाचा विचार गंभीरपणे करावा.

डिप्लोमा

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो. सदरचं शासकीय तंत्रनिकेतन आणि इतर पॉलिटेक्निकं आपल्याकडे आहेत. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. गणित तिथेही असतं आणि ते सोपं नसतं, पण ते कामाशी जोडून शिकवलं जातं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. जी मुलं हाताने काम करत शिकतात त्यांना हा मार्ग मी मनापासून सुचवते. याला कमी लेखणाऱ्या नातेवाइकांना हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात डिप्लोमावाले काय काम करतात ते बघायला सांगा.

वाणिज्य: गणित की एसपी?

राज्य मंडळाच्या कॉमर्समध्ये बी.के. (पुस्तपालन), ओसी (वाणिज्य संघटन) आणि अर्थशास्त्र यांच्या जोडीला गणित किंवा सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, म्हणजे एसपी, असा पर्याय बहुतेक कॉलेजांत असतो. एसपी लिहिण्याचा विषय आहे, पाठांतरावर गुण मिळतात, म्हणून झुंडीने मुलं तिकडे जातात.

कॉमर्सचं गणित म्हणजे सायन्सचंच गणित, हा समज चुकीचा आहे. बारावीच्या भाग १ मध्ये तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन असतं, पण त्रिकोणमिती आणि व्हेक्टरचं ओझं नसतं. भाग २ तर व्यवहाराचाच आहे: कमिशन, दलाली आणि सूट, विमा आणि वार्षिकी, रिग्रेशन, कालमालिका, निर्देशांक, रेषीय नियोजन, असाइनमेंट प्रॉब्लेम. इतवारीतल्या व्यापाऱ्याच्या मुलाला घरात जे ऐकू येतं, त्याचंच हे शास्त्र आहे. दहावीला ‘अर्थनियोजन’ आवडलं असेल तर हा विषय आवडेल.

सीए, सीएमए, एमबीए, बँकिंग, अर्थशास्त्र, डेटाचं काम यांपैकी काहीही मनात असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: गणित घ्या. दोन-चार टक्के कमी पडले तरी घ्या. कंपनी सचिवाचं काम आवडतं, किंवा दुसऱ्या पायरीतल्या चाचणीत काहीच जमलं नाही, तर एसपी घ्या आणि तो नीट शिका.

कला शाखेतही गणित घेता येतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. विषय विज्ञान शाखेचाच असतो. सगळी कॉलेजं ते देत नाहीत, पण अर्थशास्त्र किंवा एनडीएकडे जाणाऱ्याने शोधून पाहावं.

चौथी पायरी: कॉलेज आणि फॉर्म

अकरावीचा प्रवेश ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतो. २०२५-२६ पासून ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली, त्यामुळे बाहेरच्या जिल्ह्यातल्या मुलांनाही घरबसल्या नागपूरचं कॉलेज मागता येतं. फॉर्मच्या पहिल्या भागात माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजांचा पसंतीक्रम. पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून "टाकून तर बघू" म्हणून पहिला क्रमांक लिहू नका.

केंद्रीय फॉर्ममध्ये तुम्ही कॉलेज आणि शाखा निवडता. गणित की जीवशास्त्र, गणित की एसपी, भाषा की आयटी, हे कॉलेजात प्रवेश घेताना ठरतं. तिथे मुलं फसतात: कॉलेज मिळतं, पण हवी ती जोडी तिथे नसते किंवा तिच्या जागा भरलेल्या असतात. म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. कोणत्या जोड्या उपलब्ध आहेत? त्या जोडीची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि फी किती? विषय बदलायचा असेल तर कोणत्या तारखेपर्यंत बदलता येतो?

शिकवणी आणि कॉलेज एकत्र असलेल्या ठिकाणी, म्हणजे इंटिग्रेटेड म्हणतात त्या सोयीत, मूल दिवसभर क्लासमध्येच असतं. त्याबद्दल माझं एकच म्हणणं आहे. गणिताच्या १०० गुणांपैकी २० प्रात्यक्षिकाचे असतात आणि उरलेल्या ८० मधले बहुतेक पायऱ्या लिहून मिळवायचे असतात. ते लिहायला कोण शिकवणार आणि वह्या कोण तपासणार, हे पैसे भरण्याआधी विचारा. कॉलेजची आणि क्लासची पावती वेगवेगळी मागा.

अंतरही बघा. कामठीहून किंवा बुटीबोरीहून धरमपेठ, रामदासपेठेत रोज ये-जा करणाऱ्या मुलाचे दोन-तीन तास प्रवासात जातात. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका बर्डीला एकमेकींना मिळतात, त्यामुळे स्टेशनजवळचं कॉलेज सोयीचं पडतं. गणित स्वतः सोडवल्याशिवाय येत नाही, आणि सोडवायला रोज दीड-दोन तास रिकामे हवेत. नामांकित पण दूरच्या कॉलेजापेक्षा घराजवळचं, शिकवणारं कॉलेज मला बरं वाटतं.

ज्या मुलांना डिस्कॅल्क्युलियासारखी अध्ययन अक्षमता आहे, त्यांच्यासाठी मंडळाच्या गणितातल्या सवलती आहेत. प्रमाणपत्राचं काम वेळखाऊ असतं, म्हणून ते नववीतच सुरू करा.

कॉलेज सुरू झाल्यावर

पहिले सहा आठवडे लक्ष द्या. मूल रोज गणित करतं का, अडलं की विचारतं का, आणि उत्तर चुकलं तर पुन्हा करून बघतं का, एवढं पाहा. पहिल्या चाचणीचे गुण कमी आले म्हणून लगेच विषय बदलू नका. दहावीत ९५ पडलेल्या मुलाला अकरावीच्या पहिल्या चाचणीत निम्मे पडणं मी अनेकदा पाहिलंय आणि तीच मुलं बारावीत सावरलेलीही पाहिली आहेत. पण वही कोरी राहत असेल, मूल गणिताच्या तासाला दांडी मारत असेल, पोटात दुखण्याची कारणं सांगत असेल, तर बदलाची तारीख निघून जायच्या आत शिक्षकांना भेटा.

आणि बारावी झाल्यावर कळलं की गणित घ्यायला हवं होतं, तरी सगळं संपत नाही. गणित हा एकच विषय घेऊन बारावीची परीक्षा पुन्हा देण्याची सोय राज्य मंडळात आहे, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातही आहे. वर्ष बहुधा जातं. अर्ज भरायच्या आधी, ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याच्या माहितीपत्रकात असा वेगळा घेतलेला विषय चालतो का ते वाचा, आणि मग मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयात जाऊन अर्जाची तारीख, प्रात्यक्षिकाचं केंद्र आणि लागणारी कागदपत्रं लिहून आणा.